टोमॅटोला प्लास्टर

“जरा बोटं हलवून दाखव बघू,” असा दाजींचा आवाज आला आणि मी कुंपणापाशीच थांबले. आवाज अगदी जुना, वॉर्डातला. सकाळी सकाळी अंगणात कोण हात मोडून आलंय म्हणून डोकावून पाहिलं, तर दाजींच्या पुढ्यात माणूस कुणीच नव्हता. टोमॅटोचं झाड होतं. त्याच्या सगळ्यात लगडलेल्या फांदीला बेचक्याच्या जरा वर पांढरंशुभ्र प्लास्टर घातलेलं होतं, आणि दाजी टोकाचं पान चिमटीत धरून त्याचा रंग न्याहाळत होते.

“दाजी, तब्येत बरी आहे ना?” मी विचारलं.

“माझी बरी आहे. हिची नाही,” मान न वळवता ते म्हणाले. “काल संध्याकाळी वाऱ्यानं फांदी मोडली. पार तुटली नव्हती, सालीवर लोंबत होती. सरळ केली, कापूस गुंडाळला, वरून पट्टीचे फेरे दिले. आता दीड महिना कुणी हात लावायचा नाही.”

“अहो, टोमॅटोला प्लास्टर?”

“का? मोडणारी वस्तू आहे की नाही?”

“तिच्यात हाड नसतं,” खिडकीतून ताई म्हणाली. “कालपासून तेच सांगतेय. पण पालथ्या घड्यावर पाणी.”

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. खिडकीशी उंच खुर्ची ठेवून दिली होती, तिच्यावर बसून ती सगळी बाग चालवायची. एरवी टोमॅटो तिचेच. रोपं लावायची ती, फुटवे खुडायची ती, आणि फुलं दिसायला लागली की प्रत्येक झाडाशी काठी रोवायचीही तीच. यंदा फुलं आली तेव्हा ती इस्पितळात पडून होती. काठ्या राहिल्या त्या राहिल्याच. घरी परतलो तर झाडं जमिनीवर लोळलेली, आणि फळ तर असं धरलेलं की नाकापेक्षा मोती जड. मग दाजींनी बाग हातात घेतली. ताई खिडकीतून उंटावरून शेळ्या हाकायची आणि दाजी खाली स्वतःच्या मनाचं करायचे.

त्यांच्या मनाचं म्हणजे काय, ते रांगेकडे पाहिलं की कळायचं. दुसरा कुणी सुतळी घेईल, काठीला झाड बांधेल आणि हात झटकून मोकळा होईल. दाजींनी काठ्या रोवून प्रत्येक झाडाला काठीसकट लवचिक पट्टी खालून वर एकसारखी गुंडाळली होती, फेऱ्यावर अर्धा फेरा, कुठे सुरकुती नाही. एका फांदीला गळ्यात अडकवायची झोळीसुद्धा दिली होती. सकाळच्या उन्हात ती बाग बघून मला हसावं की रडावं कळेना. उभा वॉर्ड होता तो.

दाजी सरकारी इस्पितळाच्या प्लास्टर खोलीत नोकरीला होते. डॉक्टर फोटो बघून हाड कुठे मोडलंय ते सांगणार, आणि दाजी ते ओढून, सरळ करून, ओल्या पट्ट्यांत बसवणार. सगळं आयुष्य त्यात गेलं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, हाडं राहतात. रस्त्यात कुणी भेटलं की ते ओळखीचं हसतात आणि विचारतात, “काय, डावं मनगट काय म्हणतंय?” ताईच्या मैत्रिणीची ओळख ते अजूनही “ती नडगी” अशी करून देतात. निवृत्त झाले तेव्हा खोलीतल्या लोकांनी निरोपाला गंमत म्हणून प्लास्टरच्या पट्ट्यांचा एक खोका दिला. आता घरच्यांना घाला, म्हणाले. सगळे हसले होते.

आणि मग ताई पडली. अंगणातल्या नळाशी, शेवाळावरून पाय सरकून. दाजींनी तिला उचललं, पाय बघितला, आणि डॉक्टरांच्या आधी त्यांना कळलं की खुबा गेला. खुब्याला प्लास्टर नसतं. आतला गोळा काढून नवा बसवतात. उभ्या गावाची हाडं बसवणारा माणूस स्वतःच्या बायकोच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून राहिला, मांडीवर तिची चप्पल घेऊन. मी शेजारी होते. ते एकदाच बोलले. म्हणाले, “मेहुणीबाई, ह्यात माझं काहीच काम नाही गं.”

घरी आल्यावर त्यांनी काम शोधून काढलं. जुन्या चादरीची चौपदरी पट्टी शिवली, ती ताईच्या कमरेला बांधली, आणि मागून ती मुठीत धरून ते तिला चालवायला लागले. पुढे ताई, मागे दाजी. खोलीतून खोलीत, सकाळ-संध्याकाळ. आरंभी ते ठीकच होतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं त्यांचं कौतुकही केलं. मग ती म्हणायला लागली, “काका, आता सोडा.” दाजी “हो, हो” म्हणायचे आणि ती गेली की पट्टी पुन्हा बांधायचे. ती पुन्हा म्हणाली, मग जरा चिडूनच म्हणाली, “काका, नवा गोळा नीट बसलाय. आता भीती बसायला नको. ती एकदा बसली की उठवता येत नाही.”

“पडली तर?” दाजींनी विचारलं.

“नाही पडणार.”

“पडली तर तू असशील का इथे?”

त्यावर तिनं आपली पिशवी उचलली आणि ती गेली.

इकडे माझा भाचा, म्हणजे ह्यांचा मुलगा, दुसऱ्या शहरातून रोज फोन करायचा. पोरगा गुणी आहे, उगीच कशाला नावं ठेवू. त्याचं म्हणणं साधं होतं. आई एकटी चालत नाही, बाबांचं वय झालं, रात्री-बेरात्री काही झालं तर धावायला कोण? त्याच्याकडे वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, लिफ्ट होती, बाई ठेवता येणार होती. पुढच्या रविवारी तो येणार होता. तोवर आई आपल्या पायांनी चालायला लागली तर विषय संपला, नाहीतर सामान बांधायचं आणि घर बंद करायचं, असं ठरलं होतं. म्हणजे त्यानं ठरवलं होतं आणि ह्या दोघांनी “बरं” म्हटलं होतं.

ते प्लास्टर पाहिलं त्याच दिवशी दुपारी दाजी औषधं आणायला बाहेर पडले आणि मी ताईपुढे बसले. मनात साचलं होतं, ते सगळं बोलून टाकलं. म्हटलं, “हे घर सोडून तू तिकडे चौथ्या मजल्यावर जाऊन काय करणार आहेस? कुंडीत टोमॅटो लावणार? जरा मनावर घे की चालायचं. काडीचा प्रयत्न दिसत नाही तुझा.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती उठली, चालायच्या काठीला हात न लावता स्वयंपाकघरात गेली, साखरेचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर ठेवला आणि परत येऊन बसली. थोडी लंगडली, पण चाल सरळ होती.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“कधीपासून?”

“बरेच दिवस झाले. ते बाहेर गेले की मी फिरते. डबे इकडचे तिकडे करते, मला हवे तसे. त्यांना वाटतं आपणच ठेवून विसरलो.” ती हसली. “परवा तर म्हणाले, मला वाटतं मला आता विसरायला व्हायला लागलंय.”

“ताई, अगं हा काय पोरखेळ? सांगत का नाहीस त्यांना?”

ती पदराशी चाळा करत बसली.

“एकदा सांगायला गेले होते,” ती म्हणाली. “म्हटलं, आज जरा सोडून बघा. त्यांनी सोडलं. मी उभी होते चांगली. पण आरशात बघितलं तर मागे त्यांचे हात. हे असे, हवेत. थरथर कापत होते गं. एवढी वर्षं त्या हातांनी लोकांची हाडं ओढली, कधी कापले नाहीत. मग मीच जरा झोकांडी दिली. मुद्दामच. त्यांनी पट्टी धरली आणि हात थांबले.”

“आणि घर?”

“सांगेन की रविवारच्या आत.”

“आज सांग.”

“तुझं लग्न झालं असतं ना,” ताई म्हणाली, “तर तुला कळलं असतं की असं आज सांग म्हणून सांगता येत नाही.” हे तिचं नेहमीचं शस्त्र. डोकं माझं तापलेलंच होतं. दोन शहाणी माणसं एकमेकांना सांभाळण्याच्या नादात घर घालवून बसणार, आणि मी साक्षीदार.

त्या आठवड्यात मी रोज कामावरून सुटले की तिकडेच जायचे. रोज वाटायचं, आज सांगितलं असेल. आणि रोज तेच दिसायचं, पुढे ताई, मागे दाजी. ताई माझी नजर चुकवायची. चालून झालं की दाजी बागेत उतरायचे. त्यांचा सगळा जीव त्या मोडक्या फांदीत अडकला होता. पहिले दिवस ती छान टवटवीत राहिली. फळं हिरवी, घट्ट, फुगत चाललेली. दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून प्लास्टर दाखवायचे. समोरचा शिंपी, म्हणजे दाजींच्या भाषेत उजवं कोपर, वाकून बघून म्हणाला, “माझ्यापेक्षा हिच्याकडे जास्त लक्ष आहे तुमचं. मला तर ओरडला होतात.”

“तू हलवत होतास,” दाजी म्हणाले. “ही हलवत नाही.”

एकच अडचण होती. प्लास्टर भिजू द्यायचं नाही, हे दाजींनी हजारो लोकांना बजावलं होतं. आंघोळीला बसलात तर हात बाहेर काढा, प्लॅस्टिकची पिशवी बांधा, एक थेंब आत जाता कामा नये. आणि झाडाला तर पाणी लागतं. ताई वरून झारीनं सगळ्या झाडांवर शिंपडायला सांगायची. दाजींनी मार्ग काढला. फांदीवरच्या प्लास्टरला दुधाची पिशवी गुंडाळली, दोन्ही तोंडं दोऱ्यानं करकचून बांधली, आणि मग निर्धास्तपणे पाणी घातलं. उन्हात ती पिशवी आतून घामेजायची. मला दिसत होतं, पण मला वाटलं, त्यांनाच जास्त कळतं.

शुक्रवारी टोकाची पानं जराशी मलूल दिसली. “ऊन फार आहे,” दाजी म्हणाले. ताई खिडकीतून म्हणाली, “सोडा ते बांधलेलं, बघा आत काय झालंय.” दाजी म्हणाले, “दीड महिना.” शनिवारी संध्याकाळी मी पोचले तेव्हा पानं काळवंडून लोंबत होती आणि दाजी आपली जुनी कात्री घेऊन फांदीपुढे उभे होते. लांब चोचीची, प्लास्टर कापायची. मला बघून म्हणाले, “धर जरा खालून.”

मी दोन्ही हातांनी फळांचा घोस धरला. दाजींनी पिशवी सोडली. प्लास्टर उभं कापलं आणि शिंपला उघडावा तसं उघडलं. आतला कापूस ओला, पिवळा. त्याच्या आत देठ नव्हताच. तपकिरी लगदा होता. मी काही ओढलं नाही, काही केलं नाही, पण फांदी सगळ्या फळांसकट माझ्या हातात आली.

दाजींनी त्या लगद्याला बोट लावून बघितलं. मग हळूच झाडाशी मातीत बसले.

“अति तिथं माती,” ते म्हणाले. “मीच कुजवली.”

“दाजी, मोडलीच होती ती. गेली असती.”

“मोडलेली जुळते. आज दुपारी शेजारच्या बागेत एक बघून आलो. त्यांनी नुसती चिंधी बांधली होती, सैल. जुळलीय चांगली.” त्यांनी कात्री बाजूला ठेवली. “माझ्यानं आता काही व्हायचं नाही. हात तेच आहेत, पण कळत नाही कुठे किती धरायचं. कुठलाही डबा जागेवर सापडत नाही. उद्या तिला धरलेलं असताना मीच कोसळलो म्हणजे? पोरगा म्हणतो ते बरोबर आहे. जाऊ आम्ही. उद्या आला की सांगतो, बांध सामान.”

एवढं सरळ, एवढं थकून बोललेले दाजी मी कधी ऐकले नव्हते. माझ्या ओंजळीत तो कच्च्या टोमॅटोंचा घोस तसाच होता. खिडकीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

दार उघडल्याचा आवाज आला. ताई उंबऱ्यात उभी होती. काठी नव्हती, पट्टी नव्हती. कठड्याला हात लावून ती एक पायरी उतरली, मग दुसरी. दाजींनी वर पाहिलं आणि ते धडपडून उठायला गेले.

“बसा,” ताई म्हणाली. “धरायला येऊ नका. मी येतेय.”

ती आली. अंगणातली जमीन काही घरातल्या फरशीसारखी नाही, त्यामुळे सावकाश आली, पाय टाकण्याआधी बघत. रांगेच्या कडेनं चालत ती दाजींच्या पुढ्यात येऊन थांबली. श्वास लागला होता.

“मला खाली बसता येत नाही,” ती म्हणाली. “डॉक्टरांची मनाई आहे. तेव्हा तुम्हालाच उठावं लागेल.”

तिनं हात पुढे केला. दाजी त्या हाताकडे बघत राहिले. मग एक हात झाडाच्या काठीला आणि एक तिच्या हातात देऊन ते उभे राहिले. काठी जास्त वाकली, ताई नाही.

“कधीपासून चालतेस?” त्यांनी विचारलं.

“बरेच दिवस झाले.”

“बाहेर गेलो की?”

“हो.”

त्यांनी जरा विचार केला. “म्हणजे डबे…”

“मीच.”

“म्हणजे मी विसरत नव्हतो.”

“नाही. तुम्ही काही विसरत नव्हता.”

दाजींच्या चेहऱ्यावरून केवढं ओझं उतरलं ते मी पाहिलं. ते हसलेसुद्धा. पण हसू ओठांवर असतानाच डोळ्यांत पाणी आलं आणि ते दुसरीकडे बघायला लागले.

“मग मी रोज कुणाला धरत होतो?” ते म्हणाले.

“मला,” ताई म्हणाली. “मला आवडत होतं. आयुष्यभर तुम्ही लोकांना धरलंत. दिवस दिवस. माझ्या वाट्याला कधी आलात? लबाडी केली, कबूल आहे. पण मला ते हवं होतं.”

मी घोस घेऊन हळूच पायरीकडे वळले. अशा वेळी मेहुणीनं तिथे थांबू नये एवढं मला कळतं, लग्न झालेलं नसलं तरी.

पण अंगण लहान होतं आणि मी पायरीवरून सगळं ऐकत होतेच. अंधार पडायला अजून अवकाश होता. ताईनं पहिल्या झाडाची पट्टी सोडायला सांगितली. पट्टी उलगडली तर खोडावर फेऱ्यांचे वळ उठले होते. ताईनं मला आत पाठवून जुन्या अंगरख्याची चिंधी मागवली. “हे बघा, इंग्रजी आठ काढायचा,” ती सांगत होती. “एका पोटात काठी, दुसऱ्या पोटात झाड. मध्ये पीळ. म्हणजे काठी खोडाला घासत नाही, आणि झाडाला जाड व्हायला जागा राहते.”

“वाऱ्यानं हलेल.”

“हलू द्या. हललं की खोड जून होतं. मी काठ्या लावते त्या झाडानं टेकावं म्हणून. आवळून धरायला नव्हे.”

दाजींनी आठ काढला. गाठ मारताना सवयीनं ओढली. ताईनं तिच्यात आपलं बोट घालून बघितलं, गेलं नाही. त्यांनी गाठ सोडली आणि पुन्हा मारली. ती पुढच्या झाडाकडे गेली, दाजी चिंध्या घेऊन तिच्यामागे. त्यांचा हात दर खेपेला तिच्या कमरेपर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा. त्या संध्याकाळी त्या माणसानं केलेलं सगळ्यात अवघड काम टोमॅटोचं नव्हतं.

रविवारी सकाळी मी लवकर गेले. दाजींनी दाढी करून धुतलेला सदरा घातला होता आणि ते बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर ताठ बसले होते. ताई आतल्या खोलीत, पलंगावर. दोघांचं काय ठरलं होतं मला माहीत नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती. दाजी एकसारखे फरशी बघत होते. एकदा उठून त्यांनी पायपुसणं उचलून बाजूला केलं. परत बसले. परत उठले, आतल्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत चालून आले, पायानं चाचपत, कुठे ओल आहे का ते बघत.

“बसा हो,” मी म्हटलं.

“बसलोच आहे.”

बाहेर गाडी थांबली. घंटा वाजली. मी सवयीनं उठणार तेवढ्यात दाजींनी मला मानेनं खुणावलं, थांब.

“आले,” आतून ताई म्हणाली.

ती दारात दिसली. मध्ये ती सगळी खोली होती, टेकायला एक भिंत सोडून काही नाही, आणि भिंतही अर्ध्यावर संपणारी. दाजी खुर्चीतून अर्धवट उठले. मग खाली बसले आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घालून त्यांच्यावर सगळा भार देऊन बसून राहिले. ताई चालत होती. भिंत संपली तिथे ती क्षणभर अडखळली, खरंच अडखळली. दाजींचे खांदे वर आले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण हात जागचे हलले नाहीत. घंटा पुन्हा वाजली.

“अरे येतेय ना,” ताई म्हणाली आणि पुढचं पाऊल टाकलं.

कडी निघाली. “आई, तू?” असं भाचा म्हणाला. दारात त्या दोघांचं काय चाललं होतं ते मी बघितलं नाही. मी दाजींकडे बघत होते. त्यांनी एक एक करून हात बाहेर काढले आणि मांडीवर उताणे ठेवले. दोन्ही तळव्यांवर वेताची जाळी खोल उमटली होती.